छत्तीस अधिक चोवीस : गाडीची बॅटरी आणि तिची वॉरंटी

नंदुरबारच्या बाजारात गाडीची बॅटरी घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : ‘‘भाऊ, वॉरंटी किती महिन्यांची?’’ दुकानदारही एकच आकडा सांगतो. अठ्ठेचाळीस, पंचावन्न, साठ. आकडा मोठा तेवढी बॅटरी चांगली, हा हिशेब दोघांच्याही मनात पक्का असतो आणि सौदा पाच मिनिटांत उरकतो. पण कार्डावर तो आकडा सहसा एकटा नसतो. खाली बारीक अक्षरांत त्याची फोड दिलेली असते : ३६ + २४, २४ + ३६ किंवा १८ + १८. अधिकच्या चिन्हाच्या डावीकडचे महिने आणि उजवीकडचे महिने यांची किंमत सारखी नसते. किती वेगळी असते, ते समजलं तर बॅटरीची अर्धी खरेदी जमली. उरलेली अर्धी गाडीचं माप, इथलं ऊन आणि दुकानाचं अंतर यांवर ठरते.

डब्यात काय असतं

फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यानं १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांपासून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. त्यानंतर पट्ट्या, डबा, मिश्रधातू सगळं सुधारत गेलं, पण मूळ तत्त्व तेच राहिलं. बाहेरून एक दिसणाऱ्या डब्यात सहा घरं असतात. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्टचं. सहा घरं ओळीनं जोडली की १२.६ व्होल्ट होतात. प्रत्येक घरात शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या आलटून पालटून उभ्या असतात आणि त्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट जमतं. चार्जिंग झालं की ते पुन्हा सुटतं. बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर मात्र हेच सल्फेट खड्यासारखं घट्ट होतं आणि मग कितीही चार्जिंगला लावा, बॅटरी पूर्वीसारखी भरत नाही.

मोटारीत बॅटरीला तिचं आजचं काम मिळालं ते १९१२ च्या कॅडिलॅक गाडीपासून. चार्ल्स केटरिंगनं तयार केलेला विजेवरचा स्टार्टर त्या गाडीला बसवला होता. त्याआधी इंजिन चालू करायला पुढून हँडल फिरवावं लागे. सेल्फ मारताना बॅटरीला दोन-तीन सेकंदांत शेकडो अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. त्यासाठी तिच्या पट्ट्या पातळ आणि संख्येनं जास्त ठेवतात. इंजिन चालू झालं की बाकीचं काम अल्टरनेटर सांभाळतो आणि बॅटरीला खर्चलेली वीज परत देतो. थोडक्यात, ही सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली शर्यतीची घोडी आहे, ओझ्याची नव्हे. लग्नात पिकअपची बॅटरी काढून भोंग्याला लावली किंवा पाड्यावर रात्रभर दिवे आणि टीव्ही तिच्यावर चालवला, तर ती काही महिन्यांत संपते. रोज खोलवर उतरायचं काम असेल तर जाड पट्ट्यांची, सोलर किंवा इन्व्हर्टरसाठी बनवलेली बॅटरीच लागते.

मे महिन्यात बिघाड, डिसेंबरात गोंधळ

धुळ्यापासून १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात तालुके सहा आहेत, पण बॅटरीच्या दृष्टीनं भाग दोनच. तापीकाठचं सपाट खोरं आणि सातपुडा.

सपाटीवर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारी, याहून कितीतरी जास्त ताप असतो. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीच्या आतली गंज धरण्याची क्रियाही याला अपवाद नाही. धन पट्टीची जाळी झिजते, पाणी उडतं, आयुष्य घटतं. थंड मुलखात पाच-सहा वर्षं टिकणारी बॅटरी आपल्याकडे तीन-चार वर्षांत हात टेकते, त्याचं मुख्य कारण हे ऊन.

गंमत अशी, की उन्हाळ्यात झालेलं नुकसान उन्हाळ्यात दिसेलच असं नाही. गरम इंजिन सहज फिरतं, त्यामुळे अशक्त झालेली बॅटरीही वेळ मारून नेते. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरीतली क्रियाही मंदावलेली असते. मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी गप्प. तोरणमाळ सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या पठारावर कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. मे महिन्यात नंदुरबारच्या उन्हात उभी राहिलेली आणि जानेवारीत डाबला मुक्कामी गेलेली जीप या दोन्ही परीक्षा एकाच बॅटरीवर देते.

तिसरी परीक्षा रस्त्याची. तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैली घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोई घाट. घाटातल्या खड्ड्यांत बॅटरी तिच्या बैठकीवर उडत असेल, तर पट्ट्यांवरचा लेप सुटून तळाशी साचतो आणि एक दिवस घर आतल्या आत शॉर्ट होतं. बॅटरीवरची पट्टी आणि तिचा नट घट्ट आहे का, हे पाहायला काहीच खर्च येत नाही. तरीही बॅटरी बदलताना ती पट्टी ‘पुन्हा लावू’ म्हणून बाजूला ठेवली जाते आणि तिथेच राहते.

खरंच बॅटरी गेली आहे का?

सेल्फ लागला नाही म्हणजे बॅटरीच गेली, असं नाही. नवी बॅटरी टाकूनही आठवड्यात गाडी पुन्हा ढकलावी लागली, असे गाडीवाले प्रत्येक तालुक्यात भेटतात. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरनं तीन मापं घ्यावीत.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. दुसरं माप सेल्फ मारत असताना. व्होल्ट पडणारच, पण भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर तिच्यात दम उरलेला नाही. तिसरं माप इंजिन चालू असताना. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. पंधराच्या वर असतील तर बॅटरी आत उकळते आहे. अशा गाडीत नवी बॅटरी टाकणं म्हणजे तिलाही त्याच वाटेला लावणं. आणि वॉरंटीचा दावा करायला जाल, तर ‘ओव्हरचार्जिंग’ असा शेरा मारून तुमचीच बॅटरी तुमच्या हातात परत मिळेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवा, पकड घट्ट करा आणि पुन्हा सेल्फ मारून पाहा. कित्येकदा रोग एवढाच निघतो. गाडी घरी आणि मालक सुरतेला किंवा पुण्याला कामाला, अशी घरं जिल्ह्यात पुष्कळ आहेत. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणकीय यंत्रणा थोडी थोडी वीज खात असतात. महिनाभरानं बॅटरी उतरलेली आढळली तर ती मेली असं न समजता आधी चार्जिंगला लावून बघावी. ‘मॅजिक आय’ नावाच्या हिरव्या ठिपक्यावरही फार विसंबू नये. तो सहापैकी एकाच घराची खबर देतो.

मापाची बॅटरी

बॅटरीवरची अक्षरं कोडं वाटतात, पण सुटायला सोपी आहेत. ‘३५ एएच’ म्हणजे १.७५ अँपिअर प्रवाह सलग वीस तास देण्याची क्षमता. छोट्या पेट्रोल मोटारींना साधारण ३५ एएचची बॅटरी लागते. डिझेल इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, म्हणून जीप आणि मोठ्या गाड्यांची बॅटरीही मोठी. ‘सीसीए’ हा आकडा उणे १८ अंश तापमानात तीस सेकंद किती प्रवाह मिळतो ते सांगतो. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, पण दोन बॅटऱ्यांचा जोर ताडून पाहायला तो उपयोगी पडतो.

‘३८बी२०एल’ अशा जपानी पद्धतीच्या नावात पहिला आकडा जोर दाखवतो, ‘बी’ हे रुंदी-उंचीचं माप, २० म्हणजे सेंटिमीटरमधली साधारण लांबी आणि शेवटचं ‘एल’ किंवा ‘आर’ हे प्लस-मायनस कोणत्या बाजूला आहेत ते सांगतं. हे शेवटचं अक्षर चुकलं तर वायर पोहोचत नाही, किंवा ओढून-ताणून पोहोचवली जाते. तीही चूकच. नव्या धाटणीच्या बऱ्याच गाड्यांना ‘डिन’ मापाची, बुटक्या टर्मिनलची बॅटरी येते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही, ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ प्रकारचीच लागते. स्वस्तात मिळते म्हणून साधी बसवली, तर ती लवकर जाते आणि माप चुकीचं म्हणून वॉरंटीही जाते. गाडीचं माहितीपुस्तक किंवा जुन्या बॅटरीवरचं नाव, दोन्हीपैकी एक सोबत न्यावं. मात्र जुनी बॅटरी मागच्या मालकानं टाकलेली असेल तर पुस्तकावरच भरवसा ठेवावा.

अधिकच्या चिन्हाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. ३६ + २४ मधले पहिले छत्तीस महिने मोफत बदलीचे. तपासणीत कारखान्याचा दोष निघाला तर पैसे न घेता दुसरी बॅटरी मिळते. पुढचे चोवीस महिने ‘प्रो-राटा’ सवलतीचे. या काळात बॅटरी गेली तर नवी विकत घ्यावी लागते, तिच्या किमतीत फक्त काही टक्के सूट मिळते आणि महिने सरतील तशी ही सूट घटत जाते.

ही सूट कोणत्या किमतीवर मिळते, ते पाहा. ती बहुधा छापील किमतीवर असते. आणि बॅटरी छापील किमतीला कोण घेतं? समजा, छापील किंमत ६,००० रुपये आहे आणि जुनी बॅटरी दिली की दुकानात तीच ४,५०० ला मिळते. तुमची बॅटरी चाळिसाव्या महिन्यात गेली आणि कंपनीनं २५ टक्के सूट दिली. म्हणजे १,५०० वजा जाऊन ४,५०० भरायचे. जुनी बॅटरी दाव्यात कंपनीकडे जमा. हातात आलं काय? शेजारच्या दुकानात वॉरंटीचं नावही न काढता हाच भाव मिळाला असता. पन्नासाव्या महिन्यात सूट १५ टक्क्यांवर आली असेल तर ५,१०० भरावे लागतील, म्हणजे वॉरंटी वापरणं बाजारभावापेक्षा ६०० रुपयांनी महाग. सवलतीच्या अगदी पहिल्या महिन्यांत, सूट ४० टक्के असताना, ३,६०० भरून ९०० रुपये वाचतील, तेवढाच काय तो लाभ. आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या कार्डावरचा सूटतक्ता आणि त्या दिवशीचा बाजारभाव घालून हाच हिशेब कोणालाही करता येतो.

म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना एकूण महिने विसरा. किमतीला फक्त मोफत बदलीच्या महिन्यांनी भागा. एका बॅटरीची वॉरंटी २४ + ३६, किंमत ४,३००. दुसरीची ३६ + २४, किंमत ४,९००. दोन्हींवर ‘६० महिने’ असंच ठळक छापलेलं. साठानं भागलं तर पहिली महिन्याला सुमारे ७२ रुपयांना पडते, दुसरी ८२ ला, आणि पहिली स्वस्त वाटते. मोफत महिन्यांनी भागलं तर पहिली १७९, दुसरी १३६. चित्र उलटं. आपल्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षांत थकते हे लक्षात घेतलं, तर मोफत बदलीचं तिसरं वर्ष किती मोलाचं हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक मेख. मोफत बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी सहसा नव्यानं सुरू होत नाही. जुन्या कार्डावर जेवढे महिने उरले असतील, तेवढेच तिच्या वाट्याला येतात. तिसाव्या महिन्यात बदलून मिळाली तर पुढे मोफतीचे सहाच महिने.

दावा कुठे अडतो

वॉरंटी कारखान्याच्या दोषाची असते, झिजेची किंवा हलगर्जीची नाही. बॅटरी नुसती उतरलेली असेल तर ती चार्ज करून परत देतात. डबा फुटलेला, टर्मिनल ठोकलेलं, क्रमांक खरवडलेला, पाण्याऐवजी ॲसिड ओतलेलं, चुकीच्या गाडीत बसवलेली, ही सगळी नकाराची ठरलेली कारणं. काळी-पिवळी जीप, भाड्याची गाडी किंवा रुग्णवाहिका असेल तर अनेक कंपन्या वॉरंटीचे महिने कमी धरतात. सपाटीवरून सातपुड्यात प्रवासी नेणाऱ्या जीपवाल्यानं घरगुती मोटारीच्या कार्डावर साठ महिने वाचून समाधान मानू नये. ‘भाड्याच्या गाडीला किती?’ हे तोंडानं विचारून बिलावर लिहून घ्यावं.

अंतराचा विचार तर इथे सर्वांत आधी करायला हवा. दावा म्हणजे बॅटरी दुकानात नेणं, तिथे ती चार्जिंगला लावणं, मग लोड टेस्ट, मग कंपनीचा होकार. एक-दोन दिवस सहज जातात. धडगाव किंवा मोलगीच्या माणसानं दोन-तीनशे रुपये वाचवायला सुरतेहून बॅटरी आणली, तर मोठ्या कंपनीची वॉरंटी इथेही चालते, पण अधिकृत विक्रेता शोधून तिथवर जायचं कसं, हा प्रश्न उरतोच. गाडी बंद आहे आणि गाडीची बॅटरीच पोहोचवायची आहे! शहादा, तळोदा किंवा नंदुरबारमधला जो विक्रेता तपासणीच्या काळात वापरायला ‘सर्व्हिस बॅटरी’ देतो, त्याच्याकडे थोडे जास्त मोजणं परवडतं. स्थानिक पातळीवर जोडून विकलेल्या बॅटरीची वॉरंटी म्हणजे त्या एका दुकानाचा शब्द. दुकान ओळखीचं आणि जुनं असेल तरच त्याला वजन.

काउंटरवर

पेटी समोर आली की आधी तारीख पाहावी. बॅटरी फडताळावर पडूनही हळूहळू उतरते आणि उकाड्यात जास्त वेगानं. कोड कळत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्यावा. दोन-तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. मग म्हणावं, ‘‘दादा, मीटर लावून दाखवा.’’ साडेबाराच्या खाली असेल तर दुसरी मागावी. बसवताना जुनीची मायनस वायर आधी काढायची आणि नवीला मायनस शेवटी लावायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

पक्कं बिल घ्यावं. त्यावर बॅटरीचा क्रमांक, गाडीचा एमएच ३९ पासूनचा पूर्ण नंबर आणि तारीख हवी. हल्ली बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी कोड स्कॅन करून, मोबाइलवर ओटीपी घेऊन नोंदवली जाते. हे काम दुकानातच उरकावं, कारण घाट चढल्यावर रेंज मिळेलच असं नाही. बिलाचा आणि कार्डाचा फोटो काढून ठेवावा. थर्मल कागदावरचं बिल गाडीच्या खणातल्या उन्हात वर्षभरात कोरं होतं.

जुनी बॅटरी दुकानातच द्यावी आणि तिचे किती धरले ते बिलावर वेगळं लिहून घ्यावं. तिच्या वजनातला मोठा हिस्सा शिशाचा असतो, म्हणून तिला किंमत येते. ती रस्त्यावरच्या भंगारात गेली तर ॲसिड नाल्यात ओतलं जातं आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. त्याची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा होऊन त्यांचा पुनर्वापर होईल, ही जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात परत दिलेली बॅटरी त्या साखळीत जाण्याची शक्यता जास्त.

रास्त दावा नाकारला गेला तर नकाराचं कारण लेखी मागावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मग बॅटरी सुरतेहून घेतलेली का असेना. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही.

एवढं सगळं विचारायला सवड मात्र हवी. विसरवाडीजवळ हायवेवर रात्री गाडी बंद पडली की कोणी छापील किंमत, सूटतक्ता आणि बनवल्याची तारीख विचारत बसत नाही. अडला हरी तसा अडला ड्रायव्हर, मिळेल ती बॅटरी मिळेल त्या भावात घेतो. म्हणून बॅटरीला तीन वर्षं होत आली की दिवाळीनंतर, थंडी पडण्यापूर्वी, तिची एकदा लोड टेस्ट करून घ्यावी. दम कमी दिसला तर गाडी चालू स्थितीत असतानाच दोन दुकानं फिरावीत आणि दोन्हीकडे एकच प्रश्न विचारावा : ‘‘यातले मोफत बदलीचे महिने किती?’’ या प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्या दुकानातच पैसे मोजावेत.